आठ स्क्रूंच्या भरवशावर: स्नोबोर्डची बाइंडिंग्ज निवडताना, बसवताना आणि घट्ट ठेवताना

"मावशी, याच्या मधोमध चकतीच नाहीये."

भाचा पुण्याहून कॅलगरीला शिकायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. किजिजी या जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर एकाकडून बोर्ड आणि दुसऱ्याकडून बाइंडिंग्ज, म्हणजे बूट बोर्डाला धरून ठेवणारे सांगाडे, असा सौदा त्यानं जमवला होता. दोन्ही वस्तू स्वच्छ, फारशा न वापरलेल्या. आमच्या तळघरात गालिच्यावर बोर्ड आडवा टाकून तो बाइंडिंग उलटंपालटं करून बघत बसला होता. बोर्डावर प्रत्येक पायासाठी भोकांच्या दोन रांगा होत्या. बाइंडिंगला मात्र बोर्डाला स्क्रूनं जोडणारी मधली गोल चकती नव्हती. स्क्रूची जागा तळव्याच्या दोन बाजूंना होती. ती बर्टन या कंपनीची, ईएसटी प्रकारची बाइंडिंग्ज होती. ती ज्या बोर्डांसाठी बनतात त्यांना भोकं नसतात, एक लांब खाच असते. या दोघांची सोयरीक जुळणं शक्यच नव्हतं.

बाइंडिंग्ज विकावी लागली, थोडे पैसे गेले, आणि बर्फावरचा पहिला शनिवारही गेला. इकडे दर हिवाळ्यात आपली कितीतरी मुलं पहिल्यांदा बोर्डावर उभी राहतात. वापरलेलं सामान घेतात, कारण नवं परवडत नाही. मग कुणीतरी हाती लागेल त्या स्क्रू ड्रायव्हरनं ते जोडून देतो आणि मंडळी डोंगरावर जातात. म्हणून हे एकदा पहिल्यापासून लिहून काढते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. स्कीची बाइंडिंग्ज पडल्यावर सुटतात, स्नोबोर्डची सुटत नाहीत. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात. तुम्ही बोटांवर किंवा टाचेवर जो भार देता, तो बोर्डाच्या कडेपर्यंत पोचतो तो बहुतेक बोर्डांवर एका पायाला चार, अशा आठ छोट्या स्क्रूंमधून. फिटबेड म्हणजे तळव्याखालची गादी बसवली की ते दिसेनासे होतात, आणि दिसत नाहीत म्हणून विसरले जातात.

आधी बोर्डावरची भोकं ओळखा

बाइंडिंग घेण्यापूर्वी बोर्डाकडे वरून बघा. भोकांच्या आत धातूचे, आटे पाडलेले नट बसवलेले असतात. त्यांना इन्सर्ट म्हणतात. त्यांची मांडणी साधारण चारपैकी एका प्रकारची असते.

पहिली ४×४. भोकं ४ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात असतात. दुसरी २×४. यात रुंदीच्या दिशेनं अंतर ४ सेंटिमीटरच, पण लांबीच्या दिशेनं दर २ सेंटिमीटरला एक भोक. म्हणजे भोकं जास्त, आणि पाय जवळ-लांब ठेवायला जागाही जास्त. ४×४ ची चकती या दोन्हींवर बसते, त्यामुळे बहुतेक कंपन्यांचे बोर्ड आणि बहुतेक कंपन्यांची बाइंडिंग्ज एकमेकांना चालतात. घरातली पट्टी लावा आणि शेजारच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. एवढ्यानं अर्ध्याहून जास्त शंका मिटते.

तिसरी मांडणी बर्टनची थ्री-डी. जेक बर्टन कार्पेंटर यांनी १९७७ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये ही कंपनी सुरू केली आणि पुढे तिनं स्वतःच्या वेगळ्या पद्धती रुळवल्या. थ्री-डीमध्ये एका पायाला तीनच स्क्रू, त्रिकोणात. आज हे जुन्या बोर्डांवर दिसतं. चार भोकांची चकती यावर बसत नाही, तिला थ्री-डीचीच चकती लागते. वापरलेल्या सामानाच्या बाजारात असा बोर्ड फार स्वस्तात दिसला, तर चकती मिळते का ते आधी विचारा, मग पैसे द्या.

चौथी मांडणी चॅनल. तीही बर्टनचीच. प्रत्येक पायाखाली बोर्डाच्या लांबीत एक खाच असते. खास नट त्या खाचेत सरकवायचे, हवं तिथं थांबवायचे आणि बाइंडिंग दोनच स्क्रूंनी आवळायचं. पाय मिलिमीटरच्या हिशोबानं हलवता येतात. इतर कंपन्यांच्या बऱ्याच चकत्यांना आता चॅनलसाठी लांबट भोकं ठेवलेली असतात, पण सगळ्यांना नाही. शिवाय चॅनलचे नट आणि स्क्रू वेगळे असतात. चार भोकांच्या बोर्डाचे साधे स्क्रू त्यात वापरू नका.

बर्टनच्या बाइंडिंगवर री:फ्लेक्स लिहिलं असेल तर त्यात चकती असते आणि योग्य चकती घातली की ते सगळ्या मांडण्यांवर बसतं. ईएसटी लिहिलं असेल तर फक्त चॅनल. जाहिरातीतल्या फोटोत बाइंडिंग वरूनच दाखवलेलं असतं. विकणाऱ्याला खालच्या बाजूचा फोटो मागा. तो एक फोटो मागितला असता तर आमचा शनिवार वाचला असता.

बुटाचंही बघायला हवं. पट्ट्यांची बाइंडिंग्ज कुठल्याही स्नोबोर्ड बुटाला चालतात, फक्त माप जुळलं पाहिजे. एस, एम, एल ही अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी, तेव्हा त्या त्या कंपनीचा तक्ता बघा. २०१७ मध्ये आलेल्या बर्टनच्या स्टेप ऑन पद्धतीत पट्ट्या नसतात, बूट वरून दाबून खटकन अडकवायचा असतो. तिथं बूटही स्टेप ऑनसाठी बनवलेलेच लागतात. साधे बूट त्यात अडकणारच नाहीत.

स्क्रू, वायसर आणि स्क्रू ड्रायव्हर

इन्सर्टचे आटे एम-६ मापाचे असतात. स्क्रूची जाडी ६ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर. म्हणजे एक पूर्ण फेरा फिरवला की स्क्रू बरोबर १ मिलिमीटर आत जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं फार उपयोगी पडते.

एम-६ चा स्क्रू काही दुर्मीळ नाही. पुण्यात बोहरी आळीत मूठभर मागितले तर मूठभर मिळतील, इथं कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतील. पण ते घेऊ नका. बाइंडिंगच्या स्क्रूचं डोकं रुंद आणि बसकं असतं, ते चकतीतल्या खळग्यात बसेल असं घडवलेलं असतं. भलतं डोकं चकतीला एका बिंदूवर दाबतं, आणि प्लास्टिकला तिथूनच तडा जातो. लांबीही हवी तीच हवी. बाइंडिंगबरोबर आलेले स्क्रू आणि वायसर हीच पहिली पसंती. हरवले असतील तर स्नोबोर्डच्या दुकानातून बाइंडिंग स्क्रू म्हणूनच मागून घ्या. साधारण १६ मिलिमीटर लांबीचे सर्रास मिळतात, काही बोर्डांना थोडे आखूड किंवा लांब लागतात.

लांबी बरोबर आहे का हे घरीच तपासता येतं. मी अगरबत्तीची काडी वापरते. काडी इन्सर्टमध्ये तळाला टेकेपर्यंत सोडायची, बोर्डाच्या पृष्ठभागाशी नखानं खूण करायची आणि पट्टीवर मोजायचं. ही झाली भोकाची खोली. मग वायसर घालून स्क्रू चकतीतून आरपार घालायचा आणि चकतीच्या खाली तो किती बाहेर येतो ते मोजायचं. बाहेर आलेला भाग खोलीपेक्षा कमीच हवा. जास्त असेल तर स्क्रू तळाला टेकतो; तुम्हाला वाटतं घट्ट झालं, पण चकती बोर्डावर दाबलीच गेलेली नसते. वर आणखी जोर लावला तर बोर्डाच्या तळाला आतून फुगवटा येतो. बाहेर आलेला भाग फारच थोडा असेल तर दोन-तीन आट्यांवर तुमचं सगळं वजन येतं आणि एखाद्या उडीत ते आटेच निघून येतात. पाच-सहा पूर्ण फेरे बसले पाहिजेत, म्हणजे पाच-सहा मिलिमीटर पकड.

आता स्क्रू ड्रायव्हर. इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा थांबून सांगते. कॅनडातल्या घरी स्क्रू ड्रायव्हरचा डबा उघडलात तर त्यात चौकोनी टोकाचे रॉबर्टसन भरपूर दिसतील, ते इथल्याच माणसानं शोधलेले. ते इथं उपयोगाचे नाहीत. बाइंडिंगच्या स्क्रूला फुलीची खाच असते. फुलीच्या चार भुजांच्या मध्ये आणखी चार बारीक रेषा कोरलेल्या दिसल्या, तर तो पोझिड्राइव्ह. त्या नसतील तर फिलिप्स. दोन्हींत ३ नंबरचं टोक लागतं. घरोघरी असतो तो २ नंबर, जरा बारीक. तो खाचेत बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की घसरून वर येतो आणि खाचेच्या कडा खाऊन टाकतो. असं चार-पाच वेळा झालं की स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं आणि मग तो ना आवळता येतो ना काढता येतो. टोक खाचेत घालून हात सोडून बघा. बरोबर टोक असेल तर स्क्रू ड्रायव्हर फारसा न डुलता उभा राहतो.

जाड मुठीचा, लांब दांड्याचा, ३ नंबरचा एक चांगला स्क्रू ड्रायव्हर घरासाठी घ्या, आणि खिशात मावेल असा एक छोटा डोंगरावर न्यायला. बॅटरीवरचं ड्रिल मशीन नको. त्याच्या वेगात आटे चुकलेले कळत नाहीत आणि जोर किती झाला तेही कळत नाही. मनगटाला ते कळतं.

बसवण्याच्या पायऱ्या

घाईत, पार्किंगमध्ये, उणे वीसमध्ये हे करू नका. आदल्या संध्याकाळी घरात करा. बोर्ड कोरडा हवा. इन्सर्टमध्ये जुनी धूळ, गंज किंवा मेण असेल तर कान साफ करायच्या काडीनं काढा.

पुढचा पाय कुठला ते आधी ठरवा. डावा पुढे असेल तर रेग्युलर, उजवा पुढे असेल तर गूफी. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून धावत घसरलात तर जो पाय आपोआप पुढे जातो, तोच बहुतेकांचा पुढचा पाय असतो.

बाइंडिंग्जमध्येही डावं-उजवं असतं. पट्ट्या आवळायची बकलं पायाच्या बाहेरच्या बाजूला आली पाहिजेत. ती आतल्या बाजूला आली तर बाइंडिंग्जची अदलाबदल झाली आहे. पाठीला आधार देणारा उभा भाग, म्हणजे हायबॅक, टाचेच्या कडेला.

बोर्डावर भोकांपाशी बऱ्याचदा एक खूण असते, कंपनीनं सुचवलेल्या जागेची. नवख्यानं तिथूनच सुरुवात करावी. दोन पायांमधलं अंतर खांद्यांपेक्षा किंचित जास्त वाटेल. कोनासाठी चकतीच्या कडेला अंशांच्या रेषा असतात आणि बाइंडिंगच्या तळावर बाण किंवा खूण असते. पुढच्या पायाला +१५ आणि मागच्याला −६ किंवा −९ अंश ही सुरुवात बहुतेकांना जमते. गुडघ्यात अवघडलं तर तीन-तीन अंशांनी बदलत जा.

आता चकती. तिच्या कडेला दाते असतात आणि बाइंडिंगच्या तळाच्या कडेलाही तसेच. दोन्ही दाते एकमेकांत पूर्ण बसले पाहिजेत. चकती ठेवल्यावर तिच्या कडेवरून बोट फिरवा. कुठंही पायरी लागता कामा नये. एका बाजूला चकती किंचित उचललेली लागली तर दाते चढून बसले आहेत. उचलून पुन्हा ठेवा. हे न करता स्क्रू आवळला तर तो घट्ट लागतो खरा, पण पहिल्याच उतारावर दाते खटकन जागेवर बसतात आणि चारही स्क्रू एकदम सैल होतात. माझ्या बाबतीत लेक लुईसच्या डोंगरावर हेच झालं, ते पुढं सांगते.

चकतीची भोकं लांबट असतात. ती बोर्डाच्या रुंदीत फिरवून ठेवली तर बूट पुढे-मागे सरकवता येतो, लांबीत ठेवली तर पायांमधलं अंतर बदलता येतं. नवख्याला आधी बूट मधोमध आणणं जास्त महत्त्वाचं. चारही स्क्रू हातानं थोडेसे लावा, बूट बाइंडिंगमध्ये घालून पट्ट्या आवळा आणि बोर्ड उभा करून बाजूनं बघा. बोटं आणि टाच बोर्डाच्या कडेबाहेर सारखीच डोकावली पाहिजेत. बोटं जास्त बाहेर असतील तर वळताना ती बर्फात घासतात आणि बोर्ड कडेवरून सुटतो.

स्क्रू लावताना प्रत्येक स्क्रू आधी बोटांनीच दोन-तीन फेरे बसवा, चारही. त्याआधी एक छोटी गोष्ट करा, ती मला इथल्या एका जुन्या मेकॅनिकनं शिकवली. स्क्रू भोकावर ठेवा आणि आधी उलटा, म्हणजे सोडवायच्या दिशेनं हळू फिरवा. अर्ध्या-पाऊण फेऱ्यात तो किंचित खाली पडल्यासारखा होतो. कधी बारीक 'टक' ऐकू येतं, कधी नुसतं बोटांना जाणवतं. तिथं आट्याचं तोंड आट्याला मिळालेलं असतं. आता सुलटा फिरवा. लोण्यात सुरी जावी तसा तो जातो. बोटांनी जात नसेल तर जोर लावू नका. आटे चुकले आहेत. काढा आणि पुन्हा सुरू करा. स्क्रू बिघडला तर नवा मिळतो, इन्सर्टचे आटे गेले तर बोर्ड दुकानात न्यावा लागतो.

चारही स्क्रू बोटांनी बसले की स्क्रू ड्रायव्हर घ्या. गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसेच, समोरासमोरचे, फुलीच्या क्रमानं. एकाच स्क्रूला पूर्ण आवळून पुढं जाऊ नका, चकती तिरकी बसते. प्रत्येकाला थोडं थोडं, असे दोन-तीन फेरे. वरून वजन देऊन दाबा आणि मग फिरवा. दाबण्याचा जोर जास्त, फिरवण्याचा कमी. स्क्रू थांबला, त्यापुढं मनगटाचा एक ठाम पीळ दिला की पुरे. कोपर, खांदा लावून, दात-ओठ खाऊन आवळायचं नाही. शेवटी बोर्ड उलटा करून तळाला आडवी पट्टी लावा. स्क्रूंच्या खाली खळगे किंवा उंचवटे दिसत असतील तर जोर जास्त झाला, किंवा स्क्रू लांब आहे.

फिटबेड लावण्यापूर्वी माझं एक काम असतं. काळ्या मार्करनं प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून चकतीपर्यंत एक सरळ रेघ ओढते. पुढच्या वेळी फिटबेड उचलला की रेघ सलग आहे की तुटली आहे हे बघायचं. तुटली असेल तर तो स्क्रू फिरला.

स्क्रू सैल का होतात

नवखा माणूस इथं म्हणतो, "मी तर घट्ट आवळला होता." तो खोटं बोलत नसतो.

आवळलेला स्क्रू म्हणजे ताणलेली स्प्रिंग. तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणानं चकतीला बोर्डावर दाबून धरतो. जोवर ताण आहे तोवर घर्षण आहे, आणि घर्षण आहे तोवर तो फिरत नाही. पण चकती प्लास्टिकची किंवा नायलॉनची. सतत दाबाखाली प्लास्टिक हळूहळू दबतं. वायसर केसभर आत रुततो. दात्यांत बर्फाचा किंवा मातीचा कण अडकलेला असेल तर तो चुरडला जातो. स्क्रू एवढा आखूड की केसभर जागा झाली तरी त्याचा बराचसा ताण उतरतो. मग बोर्डाची थरथर त्याला फिरवायला सुरुवात करते. म्हणजे स्क्रू आधी फिरत नाही, आधी ताण जातो. म्हणूनच नव्यानं बसवलेलं बाइंडिंग पहिल्या एक-दोन उतारांनंतर पुन्हा आवळायचं असतं. ही सावधगिरी नव्हे, बसवण्याचीच शेवटची पायरी आहे.

मला हे पायी उतरून कळलं. एका दुकानातून बाइंडिंग्ज बसवून घेतली होती आणि दुकानातून आलं म्हणजे बरोबरच असणार असं धरून मी चालले होते. तिसऱ्या उतारावर टाचेच्या कडेवर वळताना मागचा पाय बोर्डाच्या आधी फिरला. बोर्ड एकीकडे, पाय दुसरीकडे, मध्ये अर्ध्या क्षणाचं अंतर. पडले, लागलं नाही. फिटबेड उचलला तर मागच्या पायाचे दोन स्क्रू जागेवर नव्हते, उरलेले दोन बोटांनी फिरत होते. ते दोन बर्फात कधी पडले, माहीत नाही. उरलेला डोंगर बोर्ड काखेत घेऊन उतरले. त्यानंतर माझ्या पायाखालचा एकही स्क्रू माझा हात लागल्याशिवाय डोंगरावर गेलेला नाही.

तपासणी सोपी आहे. बोर्ड जमिनीवर ठेवून एका पायानं दाबा, दोन्ही हातांनी हायबॅक आणि टाचेची कड धरा आणि बाइंडिंग डावी-उजवीकडे पिळायचा प्रयत्न करा. अंगठा चकतीच्या सांध्यावर ठेवला तर डोळ्यांना न दिसणारी हालचालही जाणवते. बाइंडिंग खुळखुळलं, 'कट' असा आवाज आला किंवा टाच किंचित उचलली तर स्क्रू बघा. उतरताना वळणाला बोर्ड उशिरा उत्तर देतोय असं वाटलं तरी बाजूला थांबून बघा. नवख्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. कधीकधी खरोखर बाइंडिंगच हलत असतं. इथल्या बऱ्याच रिसॉर्टवर लिफ्टच्या पायथ्याशी एका बाकावर साखळीला बांधलेले स्क्रू ड्रायव्हर असतात. ते सगळ्यांसाठी असतात, संकोच करू नका.

आटे पकडून ठेवणाऱ्या डिंकाबद्दल

स्क्रू फिरू नये म्हणून आट्यांवर लावायचा निळा द्रव मिळतो, लॉकटाइटसारखा. मोटरसायकल दुरुस्त करणाऱ्यांना तो ठाऊक असेल, आणि 'चार थेंब टाक, विषय संपला' असा सल्लाही मिळेल. इथं थांबा. हा द्रव धातूला धातूशी धरतो, पण ओला असताना पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकला लागला तर त्यात बारीक तडे पाडतो. बाइंडिंगचे बरेच भाग अशाच प्लास्टिकचे असतात. तडा आज दिसणार नाही, थंडीत भार आला की दिसेल.

त्यापेक्षा ज्या स्क्रूंच्या आट्यांवर आधीच कोरडा नायलॉनचा किंवा रंगीत लेप असतो, ते घ्या. दुकानात मिळतात. तीन-चारदा काढघाल केली की लेप झिजतो, मग स्क्रू बदला. आणि लाल रंगाचा द्रव तर कधीच नको. तो सोडवायला भरपूर उष्णता लागते, आणि ती बोर्डाला सोसत नाही.

बाकीचे स्क्रूही असतात

चकतीचे आठ स्क्रू सांभाळले, पण घोट्याच्या पट्टीचा एक स्क्रू निखळला तरी दिवस संपतो. प्रत्येक पट्टी दोन्ही बाजूंना बाइंडिंगला स्क्रूनं जोडलेली असते, बकल आणि दातेरी पट्टीलाही स्क्रू असतात, हायबॅकच्या बिजागरीला दोन. ते घर्षणात सतत असतात. महिन्यातून एकदा सगळ्यांवरून हात फिरवा. हे स्क्रू कंपनीगणिक वेगळे असतात, तेव्हा आपल्या बाइंडिंगचा एक जादा संच जवळ ठेवलेला बरा. दातेरी पट्टीचे दाते बोथट झाले असतील तर बकल घसरतं. पट्टी बदला, बकलाला दोष देऊ नका.

स्क्रूचं डोकं गुळगुळीत झालं असेल तर रबरबँडचा तुकडा मध्ये ठेवून, ३ नंबरचं टोक दाबून हळू फिरवून बघा. नाही निघाला तर दुकानात न्या. आणि स्क्रूबरोबर आतला इन्सर्टच गोल फिरत असेल, तर ती भोकं वापरू नका. २×४ च्या बोर्डावर शेजारच्या भोकांत सरकता येतं, पण तो बोर्ड एकदा जाणत्या माणसाला दाखवाच.

गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून बरेच जण पहिल्यांदा बर्फावर उभे राहतात ते गुलमर्ग, औली किंवा सोलंगला, आणि तिथं बोर्ड भाड्यानं घेतात. भाड्याच्या बोर्डाची बाइंडिंग्ज दर गिऱ्हाइकामागं कोन बदलून आवळलेली असतात, त्यामुळे तपासायला आणखीच कारण. दुकानातच फिटबेड उचला, आठही स्क्रू आहेत का मोजा, वर सांगितल्याप्रमाणे पिळून बघा. कुणाला त्यात वावगं वाटणार नाही. गुलमर्गचा गोंडोला दुसऱ्या टप्प्यात अफरवटवर जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेतो. वर जाऊन स्क्रू शोधत बसण्याची ती जागा नाही. स्वतःचा बोर्ड नेत असाल तर ३ नंबरचा छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि चार जादा स्क्रू, वायसरसकट, बरोबर ठेवा. विमानात ते केबिनच्या पिशवीत नको, चेक-इनच्या सामानात टाका.

मेण लावताना आणि हंगाम संपल्यावर

गरम इस्त्रीनं मेण लावण्यापूर्वी बाइंडिंग्ज काढा, निदान स्क्रू चांगले सैल करा. आवळलेल्या स्क्रूंच्या ताणात तळ गरम झाला की तिथं खळगे पडतात. परत बसवलं की पुन्हा तेच: फुलीच्या क्रमानं, आणि पहिल्या उतारानंतर एकदा.

हंगाम संपला की बाइंडिंग्ज काढून ठेवा. ओले स्क्रू इन्सर्टमध्ये तसेच राहिले तर गंज धरतात, आणि सहा महिन्यांचा ताण बोर्डाच्या तळाला नको. चकत्या, दाते, वायसर कोमट पाण्यात धुऊन, पूर्ण सुकवून ठेवा. कोन लक्षात राहत नाहीत, म्हणून काढण्यापूर्वी चकतीचा फोटो घ्या. स्क्रू आमच्याकडे हिंगाच्या धुतलेल्या रिकाम्या डबीत जातात. डबीवर भाच्यानं मार्करनं लिहिलं आहे: स्क्रू ८, वायसर ८, जादा २, टोक ३ नंबर.